बेसच्या तारेतला गंधार

बेस गिटार शिकणाऱ्या बऱ्याच पोरांना हार्मोनिक्स ही एक ट्रिक वाटते, म्हणजे बोट हलकं ठेवायचं, तार छेडायची, बारीक टिंग आवाज काढायचा आणि समोरच्यानं वा म्हणायचं. मला हे तसं बघणं पटत नाही. त्या आवाजात तारेचं सगळ्यात मूळ गणित आहे आणि सांगली-मिरजेकडच्या माणसाच्या कानाला तर ते आधीच ओळखीचं आहे, कारण तंबोरा आपल्याकडं बनतो आणि तंबोऱ्यात माणूस तासन्‌तास ऐकतो ते हेच.

आधी एक करून बघा. बेसची ए ची तार, म्हणजे आपल्या हिशोबात पांढरी सहा, मोकळी छेडा. जाड खोल आवाज येईल, सेकंदाला 55 कंपनं. तो चालू असतानाच डाव्या हाताचं बोट 12व्या फ्रेटच्या बरोब्बर वर, दोन फ्रेटच्या मधल्या जागेत नाही तर त्या धातूच्या पट्टीच्या डोक्यावर, तारेला नुसतं टेकवा आणि लगेच उचला. दाबायचं नाही अजिबात. खालचा खर्ज जातो आणि वरचा सा, 110 चा, एकटा वाजत राहतो. हा सा बोटानं तयार केलेला नाही, तो त्या जाड आवाजात पहिल्यापासून होताच, बोटानं फक्त बाकीच्यांना गप्प केलं. ही एक गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं.

तार एका वेळी एकाच पद्धतीनं हलत नाही. पोरी दोरीउड्या खेळताना दोघींनी धरलेली दोरी जशी मधे फुगते तशी आख्खी तार एक फुगा करून हलते, पण त्याच वेळी ती दोन फुगे करूनही हलत असते, तीन करूनही, चार करूनही, आणि हे सगळं एकमेकांवर चढून एकच गुंतागुंतीची हालचाल होते. दोन फुग्यांच्या मधला जो बिंदू हलतच नाही तो निस्पंद बिंदू. बोट त्या बिंदूवर टेकलं तर ज्या कंपनाचा तिथं निस्पंद आहे त्याला बोट लागलंच नाही असं होतं, आणि ज्यांना तिथं हलायचं होतं ती सगळी विझतात. म्हणून 12व्या फ्रेटवर, म्हणजे तारेच्या बरोब्बर निम्म्यावर, दोन, चार, सहा भागांची कंपनं वाचतात आणि एक, तीन, पाचची मरतात.

याची खात्री कानानंच करून घेता येते. 5व्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, म्हणजे तारेच्या पाव भागावर, तिथं चार फुगे होतात. आता तो आवाज चालू असताना 12व्या फ्रेटवर बोट टेकवा, आवाज जात नाही. 7व्यावर टेकवा, गेला. कारण चार भागांत वाटलेल्या तारेचा निस्पंद निम्म्यावर आहे, एक तृतीयांशावर नाही. उलट 7व्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवून 12व्यावर बोट लावलं तर तो मरतो आणि 19व्यावर लावलं तर जगतो, कारण 19वा फ्रेट दोन तृतीयांशावर आहे. हा खेळ डोळे मिटून खेळायचा, शाळेतले अपूर्णांक बोटाला कळायला लागतात.

इंग्लंडमध्ये 1677 साली जॉन वॉलिस या गणितज्ञानं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कळवलं होतं की ऑक्सफर्डच्या दोघांनी, विल्यम नोबल आणि थॉमस पिगॉट यांनी, तारेवर कागदाचे बारीक तुकडे ठेवून हे दाखवलं, जवळची दुसरी तार छेडली की काही तुकडे उडायचे आणि काही जागचे हलायचे नाहीत. न हलणारे तुकडे निस्पंदावर बसलेले. साडेतीनशे वर्षं होत आली या प्रयोगाला, आणि तरी तो वाचताना मला आजही भारी वाटतं, की आवाज न मोजता निव्वळ कागदानं तारेचे भाग दाखवून दिले.

आता ए च्याच तारेवर वर चढत जाऊ. 12व्या फ्रेटला 110, सा. 7व्याला 165, म्हणजे पंचम. 5व्याला 220, पुन्हा सा. पुढचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे तारेचे पाच भाग करणारा, 275 चा आणि इथं शिकणारा अडकतो, कारण तो 4थ्या फ्रेटवर शोधतो आणि तिथं तो धड मिळतच नाही. 34 इंची बेसवर, म्हणजे नेहमीच्या लांबीच्या बेसवर, तारेचा पाचवा भाग नटपासून, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तार जिथं टेकते त्या पट्टीपासून, सुमारे 173 मिलिमीटरवर येतो आणि 4था फ्रेट असतो 178 वर. म्हणजे बोट फ्रेटच्या साधारण साडेपाच मिलिमीटर अलीकडे, नटच्या बाजूला, ठेवावं लागतं. सहावा हार्मोनिक 3ऱ्या फ्रेटच्या साडेसहा मिलिमीटर पलीकडे. 7व्या आणि 5व्या फ्रेटचा फरक मात्र एक मिलिमीटरसुद्धा नाही म्हणून तिथं सगळ्यांना पहिल्या झटक्यात जमतं. फ्रेट आणि हार्मोनिक यांचं जुळत का नाही? फ्रेट बसवलेत ते सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून, म्हणजे प्रत्येक पायरीला ठराविक गुणाकार, आणि तार स्वतःचे भाग करते ते पूर्णांकात, दोन, तीन, चार, पाच. दोन्ही हिशोब काही ठिकाणी जवळजवळ गाठ पडतात आणि काही ठिकाणी नाहीच पडत.

तर तो 275 चा स्वर. ए ला सा धरला तर हा गंधार आहे, आणि तंबोरा नीट लागला की कुणीही न छेडता जो गंधार ऐकू येतो, गाणारी माणसं ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच, खर्जाच्या तारेचा पाचवा हार्मोनिक. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर हा गंधार कसा आणि किती खुलतोय ते कानानं बघतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या रुंद पाठीला किंचित उतार द्यायचा, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, जरा इकडं, जरा तिकडं, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागते. दीडशे वर्षांहून जुनी विद्या आहे ही. फरीदसाहेब सतारमेकर आणि त्यांच्या शिकलगार घराण्यापासून, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांपासून, ती सुरू झाली असं सांगतात आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग मिळाला.

कीबोर्डवर मधल्या सप्तकातली काळी एक दाबा, ती असते साधारण 277.2 वर. त्याच वेळी बेसवर हा 275 चा हार्मोनिक वाजवा आणि दोन्हीचा आवाज सारखा ठेवा. दोन स्वर मिळून हलायला लागतात, वांव वांव वांव, सेकंदाला दोनदा, यालाच आंदोलनं म्हणतात. हा फरक चौदा सेंटचा आहे, एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा, आणि कीबोर्डचा गंधार तेवढा चढा आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला पेटीचा गंधार का टोचतो याचं उत्तर तुमच्या बेसवर असं मोजून मिळतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी तारेच्या लांब्या मोजून श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरजागांचा, अभ्यास केला आणि 1910 साली त्यावर पुस्तक छापलं, त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली, ज्यांनी पुढं मिरजेतच घर केलं. म्हणजे बारा सारख्या भागांचा हिशोब आणि तारेचा हिशोब यातलं अंतर मोजायचं काम आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी झालंय, तेही ट्यूनर वगैरे काही नसताना. बेस वाजवणाऱ्या इथल्या पोरांना हे कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सातवा हार्मोनिक 385 चा, कोमल निषादाच्या आसपासचा पण त्याच्यापेक्षा बराच उतरलेला. रागदारीत त्याला फारशी जागा नाही, बेसवर गंमत म्हणून ऐकावा.

ट्यूनिंगचं मात्र सविस्तर सांगायला पाहिजे कारण हार्मोनिक्सचा रोजचा उपयोग तोच. ई च्या तारेचा 5व्या फ्रेटचा हार्मोनिक आणि ए च्या तारेचा 7व्या फ्रेटचा हार्मोनिक एकत्र वाजवायचे, तेच ए-डी आणि डी-जी ला, आणि आंदोलनं थांबेपर्यंत खुंटी फिरवायची, असं सगळे शिकवतात. चांगली पद्धत आहे, स्टेजवर गोंगाटातही जमते, कारण बारीक स्वरांतली आंदोलनं जाड स्वरांपेक्षा कानाला चटकन कळतात. पण हिशोब करा, ई आहे 41.2, त्याची चौपट 164.8, आणि ए ची तिप्पट 165. दोन्हीत जरासा फरक राहतोच, पाच-साडेपाच सेकंदाला एक आंदोलन एवढा. तुम्ही तो पूर्ण मारला तर दोन तारांमधलं अंतर तंबोऱ्याच्या दृष्टीनं शुद्ध झालं, पण कीबोर्डच्या दृष्टीनं दोन सेंट घसरलं, आणि तीन जोड्या मिळून जी ची तार ई च्या मानानं सहा सेंट उतरते. एकटे वाजवत असाल तर काही बिघडत नाही. बँडमध्ये कीबोर्ड असेल तर ते सावकाश आंदोलन राहू द्या.

आता उजव्या हाताचं. पुष्कळ जण डाव्या बोटाकडंच बघत बसतात आणि आवाज येत नाही म्हणून वैतागतात, पण तार कुठं छेडली यावर निम्मं काम असतं. थॉमस यंग या इंग्लिश शास्त्रज्ञानं सांगितलेला नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली तिथं ज्या हार्मोनिकचा निस्पंद असेल तो हार्मोनिक उठतच नाही. म्हणजे 5व्या फ्रेटचा हार्मोनिक हवा असेल आणि तुम्ही ब्रिजपासून, म्हणजे बेसच्या घोडीपासून, साडेएकवीस सेंटीमीटरवर, तारेच्या पाव भागावर, छेडत असाल तर आवाज मेलेलाच येणार. हात मागं ब्रिजकडं आणा, दहा-अकरा सेंटीमीटरवर, म्हणजे फुग्याच्या पोटावर, तिथं तोच हार्मोनिक खणखणीत येतो. तारेची हालचाल पकडून ॲम्पला पाठवणाऱ्या पिकअपलाही हेच लागू. पिकअप ज्या ठिकाणची हालचाल ऐकतो तिथं निस्पंद असेल तर तार वाजतेय आणि ॲम्पमध्ये काही नाही असं होतं, म्हणून दोन पिकअपवाल्या बेसवर हार्मोनिक्ससाठी ब्रिजजवळचा उघडा ठेवायचा आणि टोनची खुंटी पूर्ण उघडायची. तारा जुन्या असतील, वेटोळ्यांत घाम-मळ बसला असेल, तर वरचे हार्मोनिक्स आधी जातात, तिथं बोटाला दोष देऊ नका.

यंगचा हा नियम तंबोऱ्यावर मात्र मोडतो, आणि हे दाखवलं सी. व्ही. रामन यांनी, 1921 मध्ये, नोबेलच्या कितीतरी आधी. त्यांनी तंबोऱ्याची तार मुद्दाम निस्पंदावर छेडली आणि जो हार्मोनिक यायलाच नको तो जोरात आला. कारण ती घोडी. बेसच्या ब्रिजवर तार एका टोकदार जागेवर टेकते, तंबोऱ्याच्या घोडीवर ती रुंद पाठीला चाटत हलते, टेकण्याची जागा दर कंपनाला पुढंमागं होते आणि खालच्या स्वरांची ताकद वरच्या हार्मोनिक्समध्ये सतत ओतली जाते. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेटच्या पट्ट्या नसलेल्या, बेसचा तो म्वाँ असा उमलणारा आवाज याच्याच जवळचा आहे, तिथंही तार लाकडाला हलकी चाटते.

फ्रेटलेसचं नाव निघालं की जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकाचं नाव येतंच. 1976 च्या त्याच्या पहिल्या अल्बमात जवळजवळ फक्त हार्मोनिक्सवर बांधलेली एक एकल रचना आहे आणि त्यात त्यानं मोकळ्या तारांच्या पलीकडचे स्वरही काढलेत. असे कृत्रिम हार्मोनिक्स काढायची एक पद्धत अशी, की डाव्या हातानं स्वर दाबायचा, समजा डी च्या तारेवर 2रा फ्रेट, आणि त्याच्या बारा फ्रेट पुढं, 14व्यावर, उजव्या हाताचा अंगठा नुसता टेकवून त्याच हाताच्या मागच्या बोटानं तार छेडायची. डावं बोट एक फ्रेट सरकलं की अंगठाही एक फ्रेट सरकला पाहिजे, निम्मं अंतर कायम राहिलं पाहिजे. 20 फ्रेटच्या बेसवर 8व्या फ्रेटच्या पुढं अंगठ्याला खूणच उरत नाही, तिथून पुढं कान लावून जागा शोधायची, आणि ती सापडली की अंगठा छेडल्याबरोबर उचलायचा, नाहीतर आवाज लगेच बसतो.