कॉन्कीची कॉन्फिग फाइल का बदलली: पार्श्वभूमी

लिनक्सच्या डेस्कटॉपवर कॉन्की, म्हणजे सीपीयू-मेमरीसारखे आकडे स्क्रीनवर दाखवणारा छोटा मॉनिटर प्रोग्रॅम, लावायला बसलं की पहिला गोंधळ ठरलेला असतो, नेटवर सापडलेल्या कितीतरी कॉन्फिग फाइली, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइली, आपल्याकडे चालतच नाहीत. एका फाइलमध्ये 'ओन_विंडो येस' अशी साधी ओळ दिसते, दुसरीत तेच 'ओन_विंडो = ट्रू' आणि पुढे स्वल्पविराम, वरून महिरपी कंस, खाली चौकोनी कंस. दोन्ही फाइली कॉन्कीच्याच आणि दोन्ही आपापल्या काळात बरोबर. मधे २०१५ साल आहे. तेव्हा काय ठरलं आणि का ठरलं हे कळलं की निम्मं डोकं शांत होतं, म्हणून हे लिहितोय.

त्याआधीचं थोडक्यात. मशीनवर किती भार आहे हे आकड्यात बघायची सवय फार जुनी आहे, लोड अ‍ॅव्हरेजचा उल्लेख १९७३ च्या कागदपत्रांत आहे, टॉप ही कमांड १९८४ ची. एक्स विंडो, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था, आल्यावर एक्सलोडसारखे छोटे आलेख आले, मग १९९९ च्या आसपास जीक्रेल्म आला, एकाखाली एक आलेखांची पट्टी, तो आजही काही जणांच्या स्क्रीनच्या कडेला असतो. लिनक्समध्ये हे सगळं सोपं झालं ते प्रॉक फोल्डरमुळे. सीपीयू, मेमरी, नेटवर्क, सगळे आकडे कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथे साध्या मजकुराच्या फाइलींसारखे दाखवतं, त्यामुळे मॉनिटर लिहिणाऱ्याला ती फाइल वाचायची, दोन वाचनांतला फरक काढायचा आणि छापायचं, एवढंच काम उरतं.

हेच काम टॉर्स्मो नावाचा छोटा प्रोग्रॅम करायचा आणि थेट डेस्कटॉपच्या रूट विंडोवर, म्हणजे सगळ्या विंडोंच्या मागच्या पार्श्वभूमीवर, अक्षरं काढायचा, म्हणजे बटणं नाहीत, चौकट नाही, कुठलं मोठं टूलकिट (बटणं-चौकटी काढणारी लायब्ररी) लागत नाही. टॉर्स्मोचं काम थंडावलं तेव्हा २००५ मध्ये त्याच कोडवरून कॉन्की निघाला. त्याच सुमाराला सुपरकरंबा आणि जीडेस्कलेट्सही होते, दिसायला जास्त देखणे पण पायथॉन आणि टूलकिटचं ओझं घेऊन चालणारे, आणि ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर ते ओझं जाणवायचंच. कॉन्की टिकला तो या हलकेपणामुळे, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण माझ्या मते तेवढंच कारण नाही. दुसरं कारण त्याची कॉन्फिग फाइल.

ती जुनी डॉट-कॉन्कीआरसी फाइल आठवून बघा. वर सेटिंगच्या ओळी, एका ओळीत एक गोष्ट, नाव आणि पुढे किंमत. मग मोठ्या अक्षरात टेक्स्ट हा एकच शब्द, आणि त्याच्या खाली जे लिहाल ते स्क्रीनवर. मधे डॉलर लावून व्हेरिएबल टाकलं की तिथे आकडा येणार. बस. प्रोग्रॅमिंगचा ओ की ठो माहीत नसलेला माणूसही दुसऱ्याची फाइल घ्यायचा, रंग बदलायचा, 'गॅप_एक्स' वाढवून कडेपासून आत सरकवायचा, नको ती ओळ उडवायचा. एखादी ओळ चुकली तर कॉन्की टर्मिनलवर कुरकुर करायचा आणि बाकीची फाइल चालवायचा, म्हणजे काहीतरी का होईना दिसायचं आणि माणूस पुढे खटपट करायचा. शिकण्यासाठी याच्याइतकी मोकळी जागा मी लिनक्समध्ये फार कमी बघितली आहे.

२००८ ते २०१४ हा या सगळ्याचा बहराचा काळ. क्रंचबँग हे लिनक्स वितरण २००८ मध्ये आलं, ओपनबॉक्स या हलक्या विंडो मॅनेजरचा काळा डेस्कटॉप आणि उजवीकडे कॉन्की, ज्यात सिस्टीमच्या आकड्यांखाली कीबोर्डचे शॉर्टकटही लिहिलेले असायचे, त्यामुळे पहिल्यांदा बसणाऱ्याला मेनू न शोधता काम करता यायचं. आपल्याकडे पोस्टाने फुकट येणाऱ्या उबुंटूच्या सीडीवरून लिनक्सकडे आलेली कॉलेजची मुलं याच काळातली, आणि तेव्हा राज्यात भारनियमन इतकं होतं की लॅपटॉपवाल्याच्या कॉन्कीत बॅटरीच्या टक्क्याची ओळ सगळ्यात वर असणं अगदी साहजिक होतं.

एक खोड मात्र तेव्हापासून आहे, ती म्हणजे 'एक्झेक'. कॉन्कीच्या आत ही कमांड टाकली की दर वेळी आकडे ताजे करताना नवीन प्रोसेस सुरू होते, अशा दहा-बारा टाकल्या आणि दर सेकंदाला चालवल्या की हलका मॉनिटर स्वतःच प्रोसेसच्या यादीत वर दिसायला लागतो. त्यासाठीच 'एक्झेकआय' आहे, त्यात किती सेकंदांनी चालवायचं ते सांगता येतं, हवामान तासातून एकदा आणलं तरी पुरतं. आणि जे कॉन्कीला स्वतःला वाचता येतं, उदाहरणार्थ मेमरी, त्यासाठी बाहेरची कमांड लावूच नये. मेमरीवरून आठवलं, कॉन्कीत 'नो_बफर्स' हे सेटिंग यासाठी आहे की फाइलींच्या कॅशेमध्ये गेलेली रॅम वापरलेली धरायची की नाही. कर्नलने स्वतः 'मेमअव्हेलेबल' हा आकडा द्यायला सुरुवात केली ती ३.१४ पासून, २०१४ मध्ये, त्याच्या आधी प्रत्येक मॉनिटर आपापलं गणित करायचा आणि दोन मॉनिटरचे आकडे जुळायचे नाहीत.

आता मुख्य मुद्दा. कॉन्कीत लुआ ही छोटी भाषा २००९-१० च्या सुमारास आलेली होतीच, पण ऐच्छिक म्हणून. ज्यांना कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीने गोल कड्या, घड्याळं, आलेख काढायचे ते लुआ असलेलं बिल्ड टाकायचे, बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसायचा. १.९ आवृत्ती २०१२ मध्ये आली आणि मग बराच काळ मोठं काही आलं नाही, कारण आतून कोड सी भाषेवरून सी++ वर नेला जात होता. २०१५ मध्ये १.१० आली तेव्हा लुआ सक्तीची झाली आणि कॉन्फिग फाइल हाच एक लुआ प्रोग्रॅम झाला. 'कॉन्की.कॉन्फिग' हे एक टेबल, म्हणजे नाव-किंमतींची यादी, आणि 'कॉन्की.टेक्स्ट' ही एक लांब स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर.

या निर्णयामागचा विचार चुकीचा नव्हता. हाताने लिहिलेला जुना पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा कोड, सांभाळणं कटकटीचं होतं, प्रत्येक नव्या सेटिंगसाठी वेगळं लिहावं लागायचं, आणि लुआ आत होतीच. वापरणाऱ्यालाही फायदा होता, आठ कोअरच्या आठ ओळी हाताने लिहिण्यापेक्षा लूप फिरवता येतो, रंग एकदा व्हेरिएबलमध्ये ठेवून सगळीकडे वापरता येतो, दोन मशीनसाठी एकच फाइल ठेवून आत अट घालता येते. ज्याला लिहिता येतं त्याच्यासाठी ही मोठी सोय झाली.

पण कॉन्की वापरणारे बहुतेक लोक लिहिणारे नव्हते, नक्कल करून बदलणारे होते, आणि माझा राग तिथेच आहे. आता एक स्वल्पविराम राहिला की ती एक ओळ नाही, अख्खी फाइल पडते. रंगाभोवती अवतरणचिन्ह हवंच. सेटिंगच्या भागात टिप्पणीसाठी हॅश चालत नाही, दोन डॅश लागतात, पण खाली टेक्स्टच्या भागात हॅशच चालतो. टेक्स्ट [[ आणि ]] मध्ये ठेवायचा, आणि तुमच्या जुन्या एक्झेकमध्ये बॅश या शेलची दुहेरी चौकोनी कंसाची अट असेल तर तिथला ]] दिसताच लुआला वाटतं मजकूर संपला. उपाय आहे, [=[ आणि ]=] असं लिहायचं, पण हे ज्याला लुआ येते त्यालाच सुचणार.

जुन्या फाइलींसाठी सोय केली होती, हे सांगायला हवं. रूपांतर करणारी लुआ स्क्रिप्ट सोबत दिली, आणि फाइल लुआ म्हणून वाचता आली नाही तर कॉन्की स्वतःच ती जुनी समजून बदलून चालवायचा प्रयत्न करतो. साध्या जुन्या फाइली यात निभावून जातात. त्रास झाला तो उलट बाजूने. नव्या पद्धतीने लिहिलेल्या फाइलीत स्वल्पविराम राहिला, तरी कॉन्की तेच म्हणतो, सिंटॅक्स (लिहिण्याची पद्धत) चुकलाय, म्हणजे फाइल जुनी असावी, रूपांतर करून बघतो. मग ते रूपांतरही फसतं. नवशिक्या माणसाला संदेशातून एवढंच कळतं की आपली फाइल जुन्या प्रकारची आहे, आणि तो ठीक असलेली फाइल पुन्हा बदलायला लागतो. खरी चूक एका चिन्हाची असते. खरं तर संदेशाच्या सुरुवातीला ओळीचा नंबर दिलेला असतो, तोच बघायचा, पण शेवटचं वाक्य इतकं ठामपणे दुसरीकडे बोट दाखवतं की नंबराकडे लक्ष जात नाही. आणि कॉन्की लॉगिनबरोबर आपोआप सुरू होत असेल तर हा संदेश दिसतच नाही, डेस्कटॉप नुसता रिकामा.

हा फटका सगळ्यांना एकाच वेळी बसला नाही, आणि त्यामुळे गोंधळ वाढला. उबुंटू १४.०४ मध्ये १.९ होती, १६.०४ मध्ये १.१० आली, म्हणजे दोन्ही एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या) एकाच वेळी लोकांच्या मशीनवर चालू होत्या आणि कितीतरी वर्षं दोन्ही प्रकारच्या फाइली शेजारी शेजारी वाटल्या गेल्या, वर आवृत्ती न लिहिता. क्रंचबँगही २०१५ मध्येच बंद झालं. बन्सनलॅब्स आणि क्रंचबँग++ ने ती परंपरा पुढे नेली, तिथे कॉन्की आजही असतो, पण जुन्या थीमचा मोठा साठा कुणी नव्याने लिहिला नाही आणि तो तसाच पडून राहिला. माझं म्हणणं एवढंच की जुना पार्सर आणखी एक-दोन आवृत्त्या ठेवला असता, किंवा फाइलीच्या नावावरून कुठली पद्धत ते ओळखलं असतं, तर हे नुकसान टळलं असतं. नवीन जागा तर तयारच होती, डॉट-कॉन्फिग फोल्डरमधली कॉन्की.कॉन्फ. जुनी पद्धत डॉट-कॉन्कीआरसीत आणि नवी या फाइलीत, इतकं सरळ करता आलं असतं.

मराठीत तारीख-वार दाखवू पाहणाऱ्यांना वेगळीच अडचण येते आणि तिचा सिंटॅक्सशी संबंध नाही. लोकेल (भाषेचं सेटिंग) मराठी ठेवलं, एक्सएफटी (फाँट काढणारी लायब्ररी) चालू केलं, लोहित देवनागरी फाँट दिला की वाराचं नाव येतं खरं, पण एक्सएफटी एकेक अक्षर सुटं ठेवतं, मात्रा आणि जोडाक्षरं जुळवत नाही, त्यामुळे 'शनिवार' मधली वेलांटी न च्या आधी न येता नंतर पडते. म्हणून आपल्यातले बरेच जण वार इंग्रजीतच ठेवतात.

आणि आता तर रूट विंडोच जायला लागली आहे. एक्स११ मध्येही (म्हणजे त्याच एक्स विंडोत) ही जागा निवांत नव्हती, नॉटिलस हा फाइल मॅनेजर स्वतःचा डेस्कटॉप वर काढायचा आणि कॉन्की त्याच्या मागे लपायचा, म्हणून ओन विंडोचे नॉर्मल, डेस्कटॉप, डॉक, ओव्हरराइड असे प्रकार आलटूनपालटून लावून बघावे लागायचे. वेलँड ही एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था, तिच्यात रूट विंडो नावाची गोष्टच नाही. कॉन्कीला वेलँडचा आधार आता आला आहे, पण तो लेयर-शेल या प्रोटोकॉलवर (विंडो इतरांच्या मागे किंवा पुढे ठेवायची सोय) उभा आहे, तो केडीईमध्ये आणि स्वेसारख्या कंपोझिटरमध्ये (वेलँडवर विंडो मांडणारा प्रोग्रॅम) मिळतो, ग्नोम या डेस्कटॉपमध्ये मिळत नाही. ग्नोमवर एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून, साधी विंडो म्हणून कॉन्की चालवता येतो, मग तो इतर विंडोंच्या मागे राहीलच याची खात्री नाही. फेडोराने २०१६ मध्येच वेलँड डिफॉल्ट केलं, उबुंटूने २१.०४ ला, आणि २५.१० पासून उबुंटूच्या ग्नोममध्ये एक्सचं सेशनच उरलेलं नाही, त्यामुळे आज उबुंटूवर नव्याने कॉन्की लावणाऱ्याने फाइल कुठल्या पद्धतीची आहे हे बघायच्या आधी आपला डेस्कटॉप कुठला आहे ते बघावं. ओपनबॉक्स किंवा एक्सएफसीई एक्सवर चालत असेल तर आजही काही अडत नाही.