पेपर भाऊंनी वाचायचा की पीएनं?

आमच्या गावच्या वाचनालयात पेपरचा गठ्ठा सकाळी साडेसातला येतो. तालुक्याहून येणारी पहिली एसटी तो फाट्यावर उतरवते आणि ज्याच्या आधी नजरेस पडेल तो उचलून आणतो. सरकारी दप्तरात आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं. दोन दैनिकं, एक साप्ताहिक, दोन लाकडी बाक, आणि खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेला सगळ्यांचा मिळून एक चष्मा. मी तिथं बरीच वर्षं हजेरीचं रजिस्टर सांभाळतो.

आठ वाजता दाराशी गाडी थांबते. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा ड्रायव्हर आत येतो आणि विचारतो, “काका, आज भाऊचं काही आलं काय?” जिल्ह्याच्या पानावर भाऊंचं नाव असलं तर त्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढतो. नसलं तर तसाच जातो. बाकीचं पान तो पाहत नाही, आणि भाऊंपर्यंत ते पोहोचतही नाही.

एका ऑक्टोबरात सोयाबीन कापून शेतात पसरलेलं असताना दोन दिवस पाऊस झाला. पेपरात आतल्या पानावर छोटी चौकट होती: कापणीनंतरच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्या, नाहीतर पीकविम्याचा दावा धरला जाणार नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ गावात आले, पारावर बसले आणि म्हणाले, “घाबरू नका, मी साहेबांशी बोलतो, पंचनामे होतील.” एका म्हाताऱ्यानं विचारलं, “भाऊ, ते बहात्तर घंट्याचं काय?” भाऊंनी पीएकडे पाहिलं. पीएनं मोबाइलकडे पाहिलं. बऱ्याच जणांनी तोवर काहीच कळवलं नव्हतं, आणि मुदतीचे काही तासच उरले होते.

भाऊंना लोकांची कळकळ नव्हती, असं मी म्हणणार नाही. पावसात चिखल तुडवत आले होते. पण ज्या चौकटीचा त्या दिवशी गावाला उपयोग होता, ती त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली नव्हती. नेत्यानं स्वतः वाचावं की वाचणारी माणसं नेमावीत, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. आमच्याच मुलखात त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. त्या काळी वऱ्हाडात पुढारी म्हटला की तो वाचणारा आणि बहुतेक वेळा लिहिणाराही असायचा. टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे वर्षानुवर्षं रोजनिशी ठेवत. कोण भेटलं, काय बोलणं झालं, काय वाचलं, याची नोंद त्यांच्याकडे सापडते. वणीत जन्मलेले बापूजी अणे यांनी १९१८ साली यवतमाळहून ‘लोकमत’ काढलं. नाव टिळकांनी सुचवलेलं. नागपुरात गोपाळराव ओगल्यांचं ‘महाराष्ट्र’ १९१४ पासून निघत होतं. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख विलायतेला जाऊन वेदवाङ्मयावर डॉक्टरेट करून आले आणि इथं येऊन ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र चालवू लागले. पुढे ते दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. अणे बिहारचे राज्यपाल झाले, पण लिहिणं सुटलं नाही. टिळकांवर त्यांनी लिहिलेल्या संस्कृत काव्याला त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या नावांच्या शेजारी मला किसन फागूजी बनसोडे यांचं नाव ठेवायचं आहे. नागपूरजवळच्या मोहप्याचा हा माणूस. अस्पृश्य मानलेल्या समाजाला त्या काळच्या पेपरांत जागाच नव्हती, तेव्हा बनसोड्यांनी १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ आणि १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ काढली. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ १९२० चा, म्हणजे त्याच्याही आधीची ही धडपड. आपल्या माणसांबद्दल कोण काय लिहितो हे ज्यानं स्वतः वाचलं, त्यालाच आपलं वेगळं पत्र काढायची गरज कळली.

तेव्हा वाचता येणारे मूठभर. १९५१ च्या जनगणनेतसुद्धा देशात शंभरातले अठराच साक्षर होते. त्यामुळे खेड्यात पेपर ही ऐकायची वस्तू होती. गुरुजी किंवा पाटलाचा शिकलेला पोरगा पारावर मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे, मध्येच थांबवून विचारायचे. पुढारी गावात आला की त्याला हेच लोक प्रश्न करत, आणि बातमी त्यानं वाचली आहे की नाही हे चारचौघांत उघडं पडे.

वर्ध्याजवळच्या शेगावात, ज्याला पुढे सेवाग्राम म्हणू लागले, गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर राहायला आले. त्यांच्याकडेही वाचून सांगणारा माणूस होता. महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि टपाल, कागद घेऊन शेगावला पायी येत-जात. दोन्हीकडचं मिळून अकरा मैल, वैशाखातल्या उन्हातही. म्हणजे मदतनीस ठेवण्यात वावगं काही नाही. मदतनीस काय आणतो आणि नेता त्यातलं काय स्वतः हातात घेतो, हे पाहायचं.

त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं अध्यक्षीय भाषण आधी मागवलं, त्यातला मजकूर पाहून घाबरलं आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं, दीड हजार प्रती, किंमत आठ आणे. गांधीजींच्या विचारांवर त्यात थेट घाव होते. गांधीजींनी ते वाचलं आणि जुलै १९३६ मध्ये आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या दोन अंकांत त्यावर लिहिलं. कोणाही सुधारकाला हे भाषण डावलून चालणार नाही, असं त्यांनी म्हटलं आणि पुढे स्वतःचा विरोधही मांडला. मला त्यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन आणे, निदान चार आणे तरी करावी, असं त्यांनी सुचवलं. ज्या पुस्तकानं आपल्यावरच टीका केली, ते जास्त लोकांच्या हाती जावं म्हणून! १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचा लेख छापला आणि त्याला खणखणीत उत्तरही छापलं. दोघांचं जमलं नाही, आणि या वादात बाबासाहेबांचं म्हणणं मला जास्त पटतं. पण दोघांनीही एकमेकांचं मूळ लिखाण वाचलेलं होतं. कोणी सचिवानं ‘तुमच्याविरुद्ध काहीतरी आलंय’ एवढंच सांगितलं असतं, तर त्या वादातून पुढच्या पिढ्यांना वाचण्यासारखं काही उरलं नसतं.

स्वातंत्र्यानंतर हे बदलत गेलं, आणि त्याला कारणंही होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. नाईक स्वतः पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, वकील, पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री. त्या एका निर्णयानं खेड्यातला पुढारी योजना, निधी, शासन निर्णय यांच्या गराड्यात आला. सकाळी घरासमोर दोनशे माणसं, दुपारी बैठक, संध्याकाळी लग्नं, रात्री तेरवीच्या घरी सांत्वन. त्यानं वाचायचं कधी? मग कात्रणं आली. जिल्हा माहिती कार्यालयातून साहेबांकडे कात्रणं जाऊ लागली आणि पुढाऱ्यांच्या घरीही कोणीतरी पेपर कापून फाइल लावू लागलं. जीआर ग्रामसेवकानं वाचायचा आणि तोंडी सांगायचा, हीसुद्धा रीत पडली.

जगातही हेच चाललं होतं. अमेरिकेत निक्सन यांच्यासाठी कर्मचारी रोज बातम्यांचा सारांश तयार करत आणि ते समासात हुकूम लिहीत. २००३ मध्ये बुश यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितलं की ते मथळ्यांवर नजर टाकतात, बातम्या क्वचितच वाचतात, आणि सगळ्यात तटस्थ माहिती आपल्याच कर्मचाऱ्यांकडून मिळते. ज्या माणसाची नोकरी आपल्या हातात आहे तो तटस्थ कसा असेल, हे मला आजवर उमगलेलं नाही. आमच्याकडे पीए भाऊंना वाईट बातमी सकाळी देत नाही. जेवण झाल्यावर, मूड पाहून देतो. कधी देतच नाही.

याची मोठी किंमत विदर्भानंच मोजली आहे. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या शेतकरी साहेबराव करपे यांनी पवनारजवळच्या दत्तपूरला बायको-मुलांसह जीवन संपवलं. त्यानंतर अशा बातम्या येत राहिल्या. तालुक्याच्या वार्ताहरानं पाठवलेल्या, आतल्या पानावर, एक कॉलम, दहा ओळी: नाव, गाव, कर्ज, विषाचा डबा. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले ते २००६ च्या जूनअखेर, आणि १ जुलैला अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मधली वीस वर्षं त्या दहा-दहा ओळी छापून येतच होत्या. ज्या पानावर आपलं नाव नाही ते पान पुढाऱ्यांनी रोज वाचलं असतं, तर निदान हाक तरी लवकर ऐकू गेली असती.

वाचणारा नेता चांगलाच निघतो, असा माझा दावा नाही. आमच्या रामटेकनं १९८४ आणि १९८९ मध्ये नरसिंह रावांना लोकसभेवर पाठवलं. हरि नारायण आपट्यांची मराठी कादंबरी तेलुगूत नेणारा हा माणूस. इतक्या भाषा वाचणारा पंतप्रधान देशाला दुसरा मिळालेला नाही. तरी १९९२ च्या डिसेंबरात, बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा, ते वाचन कामी आलं नाही. उलट शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती, पण कीर्तनात ते समोरच्या माणसालाच प्रश्न विचारून गावाची सगळी खबर काढून घेत. त्यांना कोणी फसवू शकत नसे.

म्हणूनच शाळेच्या दाखल्याची अट मला पटत नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजेंद्रप्रसादांनी खंत बोलून दाखवली होती, की कायदा राबवणाऱ्यांना पात्रता लागते, पण करणाऱ्यांना निवडून येण्यापलीकडे काही लागत नाही. आमदार-खासदारांना आजही ती लागत नाही. पंचायतीत मात्र हरियाणानं २०१५ मध्ये शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. महाराष्ट्रातही २०१७ मध्ये थेट सरपंच निवडणुकीबरोबर १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सातवी पासची अट आली. सातवी पास झालेला माणूस पुढे आयुष्यभर एक जीआर उघडत नाही, हे मी पाहतो. आणि अट नेहमी सरपंचालाच का, मंत्र्याला का नाही?

मला जे म्हणायचं आहे ते गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात घडलेलं आहे. जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव. तिथं ग्रामसभेबरोबर अभ्यासगट चालतो. त्यात निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. कायदा आणायचा, वाचता येणाऱ्यानं वाचायचा, त्याचं गोंडीत बोलणं करायचं, शंका संपेपर्यंत बसायचं. निर्णय पुढे ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांनी हे वर्षानुवर्षं लावून धरलं.

२००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. १९२७ च्या वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत तेव्हा बांबू होता, आणि वनखात्याचं बोट त्यावरच होतं. गावानं दाखवलं की २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम २ मधल्या व्याख्येत, बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून गोळा करायच्या मालात, लिहिलेला आहे. एका शब्दावर सगळं अडलेलं होतं आणि तो शब्द गावानं वाचून ठेवला होता. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. तिथं पुढाऱ्यासाठी कोणी कात्रण काढत नव्हतं. सगळं गाव मजकूर ऐकून बसलेलं असल्यामुळे पुढाऱ्याला न वाचण्याची सोयच नव्हती.

आमचं गाव मेंढा नाही. पण त्या ऑक्टोबरनंतर आम्ही वाचनालयाच्या भिंतीवर शाळेतला जुना फळा आणून लावला. दोन्ही पेपर वाचून मुदतीची जी बातमी असेल ती सकाळी खडूनं लिहायची, खाली तारीख टाकायची, आणि लिहिणाऱ्यानं ती एकदा मोठ्यानं वाचायची, कारण चष्मा एकच आहे. परवा फळ्यावर सोयाबीनच्या हमीभाव खरेदीची नोंदणी होती. ड्रायव्हर आला, भाऊंचं नाव कुठं नव्हतं. जाता जाता मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, “बापू, याचा फोटो काढ. अन् भाऊले सांग, शेवटची तारीख पहिल्या ओळीत हाये.”