एमजीबीची चाकं: कानवाले नट, आखूड ॲक्सल आणि १४ की १५ इंच

एमजीबी या ब्रिटनच्या एमजी कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स कारला कंपनीच्या ऐवजी दुसऱ्यांनी बनवलेली चाकं लावावीत की नाही हा वाद जुनाच आहे, आणि दोन्ही बाजूचे लोक 'ओरिजिनल'ची शपथ घेतात. आता ओरिजिनल म्हणजे नक्की कुठल्या सालचं हे विचारलं की गडबड सुरू होते.

१९६२ ला गाडी आली तेव्हा ५.६०-१४ मापाचे (रुंदी आणि रिम, दोन्ही इंचांत) क्रॉसप्लाय म्हणजे आतले धागे तिरके एकमेकांवर असलेले जुन्या पद्धतीचे टायर, चाक साधं पोलादाचं, जास्तीचे पैसे मोजले तर तारेचं. १९६५ च्या जीटीला, म्हणजे बंद छताच्या एमजीबीला, १६५ मिमी रुंदीचे रेडियल (आतले धागे आडवे असलेले नव्या पद्धतीचे टायर) आले, मग १९७० च्या मॉडेलपासून रोस्टाइल नावाचं चाक. ते अलॉयसारखं, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या चाकासारखं दिसायचं पण होतं दाबलेल्या पत्र्याचंच. १९७३ च्या व्ही८ ला, म्हणजे आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाच्या एमजीबीला, पोलादी रिम आणि अलॉयचा मधला भाग, टायर १७५ चे, आणि तिला तारेची चाकं कंपनीने दिलीच नाहीत कारण त्या इंजिनाचा टॉर्क तारांना झेपणारा नव्हता. म्हणजे रुंद टायर आणि अलॉय ही नंतरच्या हौशी पोरांची फॅशन असं जे म्हणतात त्यांनी व्ही८ बघावी.

पण खरी गुंतागुंत झाली ती अमेरिकेतल्या १९६८ च्या नियमाने. तारेचं चाक दातेरी हबवर सरकवून मधल्या एका मोठ्या नटने आवळतात, आणि त्या नटाला दोन कान असायचे, त्यावर तांब्याचा हातोडा मारला की झालं काम. चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट असतात (जुनी गाडी उघडून जोडताना हब इकडचे तिकडे झाले तर चालत्या गाडीचं चाक निसटू शकतं, हे नीट तपासा). तर सरकारी सुरक्षा खात्याने ठरवलं की असे बाहेर आलेले कान पायी चालणाऱ्यांना धोक्याचे, बंद करा. बहुतेक एमजीबी अमेरिकेतच जायच्या त्यामुळे कंपनीला ऐकावंच लागलं, कान गेले आणि अष्टकोनी नट आला, वर त्याला मोठा पाना लागतो. एमजीचा लोगो पण अष्टकोनी असल्याने तो नट दिसायला शोभला एवढंच. युरोपातल्या काही देशांनीही कान बंद केले, ब्रिटनमध्ये मात्र बरीच वर्षं तेच कान चालू होते आणि तिथले पादचारी काही कमी नव्हते. १९९६ ला अमेरिकेने तो नियम रद्दच करून टाकला. माझ्या मते निर्णय घाईचाच होता. मधल्या वर्षांत तारा सोडून बोल्टच्या चाकांकडे वळायला लोकांना एक कारण वाढलं.

आणि वळायला गेलं की ॲक्सल आडवा येतो. नंतरच्या गाड्यांत तारेच्या चाकांसाठी मागचा ॲक्सल थोडा आखूड आहे, म्हणून नुसते हब काढून बोल्टवालं चाक लावलं तर ते आत बसतं. उलट बोल्टच्या ॲक्सलवर अडॅप्टर लावून तारेचं चाक चढवलं तर ते बाहेर येतं आणि टायर मडगार्डच्या कडेला घासतो. बोल्टचं माप ४ गुणिले ११४.३ (चार बोल्ट, ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर), जुन्या कितीतरी जपानी गाड्यांचं हेच, म्हणून भंगारातून चाक उचलून 'बसलं की' म्हणणारे बरेच, पण ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं भोक कोण बघणार.

साठच्या दशकात रेसवाल्यांनी मॅग्नेशियमची मिनिलाइट चाकं लोकप्रिय केली, आज मिळतात त्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या नकला आणि ते बरंच आहे, जुनं मॅग्नेशियम गंजतं, तडकतं.

मग १९७४ च्या शेवटी रबरी बंपर आले, गाडी दीडेक इंच उंच झाली आणि चाकावरच्या कमानीत जी पोकळी दिसायला लागली ती भरायला लोक १५ इंचाकडे गेले. हिशोब तसा सरळ आहे (टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत). १६५/८० आर १४ चा व्यास साधारण ६२० मिमी, १८५/७० आर १४ चा ६१५, १८५/६५ आर १५ चा ६२२, म्हणजे स्पीडोमीटर फारसा हलत नाही. १९५/६५ आर १५ घेतला तर ६३५ वर जातो, तिथे मात्र मीटर कमी दाखवणार. १४ इंचात चांगल्या टायरची निवड आटत गेली हे १५ कडे जायचं दुसरं कारण, आणि मला तेच जास्त पटतं. कंपनीच्या वारसदारांनी नव्वदच्या दशकात आरव्ही८ काढली तेव्हा तीही १५ वरच होती, २०५ चे टायर, फक्त त्यासाठी मडगार्ड रुंद केले होते.

तारांवर रेडियल चढवणाऱ्यांचा ट्यूबचा प्रश्न वेगळाच. तारांची टोकं रिममधून आत येतात म्हणून ट्यूब लागतेच, बुलेटवाल्यांना हे सांगायला नको. पण ट्यूबलेस म्हणून बनवलेल्या टायरच्या आतल्या बाजूला बारीक कंगोरे असतात, कधी चिकटवलेलं लेबल असतं, त्यावर ट्यूब घासून फाटते. लेबल काढून, आतून हात फिरवून मगच ट्यूब घालतात. ज्यांना ही कटकट नको ते आता मूळच्या ६० ऐवजी ७२ तारांची, आतून सील केलेली चाकं घेतात.