मांजराला घेऊन निघताना, आणि पोहोचल्यावर

तुमच्या मांजराला एका घरातून दुसऱ्या घरी सुखरूप पोहोचवणं हे आमचं काम. गाडी आमची, चालक आमचा, कॅरिअरही (मांजराला न्यायची बंद पेटी) आमचं. पण निम्म्याहून जास्त काम तुमच्याच हातात असतं, आणि ते गाडी दारात उभी राहण्याच्या तीन आठवडे आधी सुरू होतं. म्हणून बुकिंग झालं की आम्ही आधी कॅरिअर आणि हे पत्रक पाठवतो.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. फिरवते खरी, पण स्वतःच्या मर्जीने. तिला दुसऱ्याने उचलून नेलं की सगळं बिनसतं. मांजराच्या गालांवर, कपाळावर आणि हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, तुमच्या पोटरीला ते गाल घासतं तेव्हा लाड करून घेतंच, शिवाय ‘हे माझं’ अशी खूणही करून ठेवतं. नव्या घरात अशी एकही खूण नसते. तुम्हाला तिथल्या मोठ्या खिडक्या दिसतात. त्याला मात्र कुठेच स्वतःचा वास येत नाही. तेव्हा सामानाबरोबर वासही न्यायचा आहे, एवढं ध्यानात ठेवलं तर पुढच्या बऱ्याच सूचना आपोआप पटतील.

कॅरिअर माळ्यावर नको

एरवी माळ्यावर असणारं आणि खाली आलं की दवाखान्यातच नेणारं कॅरिअर बघून कुठलंही शहाणं मांजर पलंगाखाली पळेल. आम्ही दिलेलं कॅरिअर आल्या दिवसापासून मांजराच्या आवडत्या खोलीत दार उघडं ठेवून पडू द्या. आत त्याचं रोजचं, न धुतलेलं अंथरूण घाला. खाऊ आधी दाराशी ठेवा, मग उंबऱ्यावर, मग पार आत. ते आपणहून आत जाऊन झोपायला लागलं की दार अर्धा मिनिट लावून पुन्हा उघडा. पुढे कॅरिअर उचलून घरभर एक फेरी, नंतर इंजिन बंद असलेल्या गाडीत पाच मिनिटं. घाई केलीत तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

इतकं करूनही ऐनवेळी मांजर अडलंच, तर त्याला पुढून ढकलू नका. चारही पाय दाराला टेकवून ते असं काही ताठ होतं की दोन माणसंही हरतात. कॅरिअर दार वर येईल असं उभं करा, मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा आणि मागचे पाय आधी आत सोडा. एका मांजराला एक कॅरिअर. घरी एकमेकांना कुशीत घेऊन झोपणारी भावंडंही घाबरली की एकमेकांना ओरबाडतात.

डॉक्टर आणि कागद

लसीकरणाचं कार्ड आणि मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती बारीक चिप) नंबर हाताशी ठेवा. आंतरराष्ट्रीय पद्धतीची चिप 15 अंकी असते. निघण्यापूर्वी दवाखान्यात स्कॅन करून कागदावरचा नंबर जुळतो का ते पाहून घ्या. परदेशी जायचं असेल तर क्रम महत्त्वाचा: युरोपीय संघाच्या नियमांनुसार आधी चिप, मग रेबीजची लस, आणि पहिल्या लसीनंतर किमान 21 दिवस थांबणं. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, काही ठिकाणी रक्ताची तपासणीही लागते. त्यामुळे तिकीट काढण्याआधी नियम बघा.

फारच घाबरणाऱ्या मांजरासाठी डॉक्टर औषध देतात. त्याचा एक डोस आधी घरी देऊन परिणाम बघायचा की नाही, हे त्यांनाच विचारा. विमानप्रवासात गुंगीचं औषध सहसा टाळतात, कारण श्वास आणि रक्तदाबावर परिणाम होतो. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना तर जास्तच धोका. घरातलं माणसांचं औषध मात्र कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

वाटेत

निघण्याआधी चार-पाच तास मोठ्या मांजराला जेवण नको, पाणी चालेल. पिल्लांचं डॉक्टरांना विचारा. कॅरिअरवर पातळ कापड टाका, हवेची जागा सोडून. सुरुवातीला ते घोगऱ्या आवाजात ओरडेल, आणि ते ऐकून तुमचा जीव खालीवर होईल. बहुतेक मांजरं काही वेळाने गप्प होतात. लाळ गळली तर बहुधा मळमळ आहे. पण तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखं धापायला लागलं आणि थांबेना, तर गाडी गार करा आणि डॉक्टर गाठा.

चालत्या गाडीत कॅरिअर उघडायचं नाही. थांबल्यावरही आधी दारं आणि काचा बंद आहेत याची खात्री करा. बंद गाडीत मांजराला सोडून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून जाऊ नका: बाहेर 24 अंश असतानाही दहा मिनिटांत आतलं तापमान 34 च्या आसपास जातं. अनेक विमानतळांवर कॅरिअर एक्स-रेमधून जातं आणि मांजर तुमच्या हातात असतं. तेव्हा मांजराला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घरूनच घालून निघा आणि तपासणीसाठी बंद खोली मागा.

एकच खोली

सुरुवातीच्या काळात आमच्याकडूनच एक चूक झाली. सामान उतरत होतं, दारं सताड उघडी, आणि आमच्या माणसाने उत्साहाच्या भरात दिवाणखान्यातच कॅरिअर उघडलं. बोका ओट्याखालच्या फळीमागे शिरला तो दुसऱ्या दिवशी पहाटे, घर शांत झाल्यावर बाहेर आला. तेव्हापासून आमचा नियम आहे: खोली तयार नसेल तर कॅरिअर उघडणार नाही.

खोली म्हणजे फार काही नाही. दार लागणारी एक शांत जागा, एका टोकाला लिटर ट्रे (शी-शूसाठी लिटर म्हणजे वाळूसारखा भुसा भरलेला), दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी, आणि लपायला एक खोका. ट्रेमध्ये जुन्या घरचं मूठभर वापरलेलं लिटर मिसळा. हे सांगितलं की लोक नाक मुरडतात, पण उपयोग होतो. कॅरिअरचं दार उघडा आणि बाजूला बसा. ओढून काढू नका. एक मऊ कापड त्याच्या गालावरून फिरवून खोलीतल्या कोपऱ्यांना, मांजराच्या डोक्याच्या उंचीवर पुसा.

पहिल्या दिवशी ते कमी खाईल, रात्री खाईल. पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि लठ्ठ मांजरांना हे लवकर बाधतं. बोका ट्रेमध्ये जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, मूत्रमार्ग तुंबला असू शकतो.

ते खातंय, ट्रे वापरतंय आणि दाराच्या चौकटीला गाल घासतंय असं दिसलं की पुढची खोली उघडा. कुणाचं हे दोन दिवसांत होतं, कुणाचं दोन आठवड्यांत. बाहेर हिंडणारं मांजर असेल तर किमान तीन आठवडे घरातच ठेवा, नाहीतर ते जुन्या घराच्या शोधात निघतं. आणि नव्या घरी कुणी लिलीची फुलं आणली तर ती दारातूनच परत पाठवा. पानं, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. पाहुणा रुसला तर आमचं नाव सांगा.

आमचं कॅरिअर परत करायची घाई करू नका. नव्या घरात पहिले काही दिवस बरीच मांजरं त्यातच झोपतात. ते रिकामं राहायला लागलं की फोन करा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. धुवायचं काम आमच्याकडे.