ओपिनियन पोल: टीव्हीवरचा आणि १९६७ चा

निवडणूक जवळ आली की टीव्हीवर ‘ओपिनियन पोल’चे आकडे झळकू लागतात. गोव्यातल्या जाणत्या माणसांना मात्र हे शब्द ऐकले की १६ जानेवारी १९६७ हीच तारीख आठवते. नव्या पिढीतल्या कुणाला त्या दिवशी गोव्यात सर्व्हे झाला होता असं वाटलं, तर त्यात नवल नाही. नाव एकच, गोष्टी अगदी वेगळ्या.

इंग्रजीत रोजच्या वापरात ओपिनियन पोल म्हणजे जनमत चाचणी. काही हजार लोक निवडायचे, त्यांना विचारायचं आणि त्यावरून सगळ्यांच्या मनाचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकला तरी कुणाची खुर्ची हलत नाही. एक्झिट पोल हा त्याचाच भाऊ, फक्त तो मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारतो.

१९६७ मध्ये झालं ते सार्वमत, इंग्रजीत ज्याला रेफरेंडम म्हणतात ते. संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि त्या कायद्याच्या नावातच ‘ओपिनियन पोल’ हे शब्द आले. तेच तोंडात बसले. प्रश्न होता गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहायचं. मतदानाची चिन्हं होती विलीनीकरणाला ‘फूल’, संघप्रदेशाला ‘दोन पानं’. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा.

मतदान नि:पक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. सर्व्हेसाठी कुठलं सरकार राजीनामा देतं? विलीनीकरणाचा आग्रह धरणाऱ्या त्याच भाऊसाहेबांना गोव्याने मार्चमध्ये पुन्हा निवडून दिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोकांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले आणि दोन्हींची वेगळी उत्तरं दिली. एवढी समज कुठल्याही चाचणीच्या तक्त्यात मावली नसती.

मराठीत आपण त्याला ‘जनमत कौल’ म्हणतो आणि हा शब्द गोव्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. देवळात कौल लावला, म्हणजे देवाला प्रश्न विचारून मूर्तीला पाकळी चिकटवली, की ती उजवी पडते की डावी, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. एकदा कौल मिळाला की तो मानायचा. जानेवारी १९६७ मध्येही तेच झालं, विलीनीकरणाचा विषय तिथेच मिटला. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला.

म्हणून लिहिताना एवढं सांभाळावं: १९६७ चा तो जनमत कौल, टीव्हीवरची ती जनमत चाचणी. बातमीत ‘चाचणीचा निकाल’ असं छापून येतं ते मला खटकतं. चाचणीचा अंदाज असतो, निकाल कौलाचा लागतो.