गिळलेली भांग, ओढलेला गांजा आणि मधलं यकृत

‘मला काहीच होत नाहीये रे. अजून एक ग्लास भर.’

धुळवडीची सकाळ, पुण्यातलं हॉस्टेल, साडेअकरा वाजलेले. मोठ्या पातेल्यात ठंडाई, वर बदामाचे काप, आत कुणीतरी आणलेला भांगेचा गोळा कालवलेला. माझ्या खोलीतल्या मित्राने पाऊण तासापूर्वी पहिला ग्लास घेतला होता. त्याने दुसरा घेतला. एक वाजता तो गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोन्ही हातांनी पाइप धरून बसला होता आणि आपलं हृदय थांबलंय असं सगळ्यांना सांगत होता. मी त्याची नाडी धरली तर ती धाडधाड उडत होती. त्याच पातेल्यातून, त्याच मापाच्या ग्लासाने प्यायलेला दुसरा एक जण खाली निवांत कॅरम खेळत होता.

‘ज्याच्या मनात श्रद्धा नसते त्याला बाधते, शंकराचा प्रसाद आहे तो,’ असं एका सीनियरने खात्रीने सांगितलं. तेव्हा मला उलट उत्तर देता आलं नाही. आज देता येतं, आणि ते उत्तर मला इतकं सुंदर वाटतं की ते नीट सांगावं म्हणून हा लेख.

आधी वनस्पतीकडे जाऊ. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपं. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा, आणि त्यावरच्या चिकट राळेचा तो चरस. नशा आणणारं मुख्य रसायन टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी. ते शुद्ध रूपात वेगळं काढून त्याची रचना १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी मांडली. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी जणू कुलूप बसवलेलं असतं, त्याला सीबी-१ ग्राही म्हणतात. हे कुलूप अर्थातच गांजासाठी बनलेलं नाही. त्याची घरची किल्ली १९९२ साली सापडली. मेशूलम यांच्याच प्रयोगशाळेतली ही गोष्ट, आणि त्या रेणूला नाव दिलं गेलं अ‍ॅनंडामाइड, आपल्या संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून.

आता गंमत अशी, की ओल्या हिरव्या पानात टीएचसी जवळपास नसतंच. असतं ते त्याचं आम्लरूप, टीएचसीए, आणि त्याने नशा येत नाही. या रेणूला कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा चिकटलेला असतो. उष्णता मिळाली की तो सुटतो आणि उरतं ते टीएचसी. चिलमीत हे क्षणात घडतं. स्वयंपाकघरात मात्र सगळं आचेवर आणि वेळेवर अवलंबून. कमी तापलं तर अर्धं आम्ल तसंच राहतं, फार तापलं तर तयार झालेलं टीएचसीही मोडू लागतं. म्हणजे एकाच झाडाची, तितकीच तोळाभर पानं दोन घरांत शिजली की दोन वेगळ्या ताकदीचे पदार्थ होतात. पण ही निव्वळ सुरुवात झाली. खरी करामत गिळल्यानंतर होते.

धूर ओढला की टीएचसी फुप्फुसांतून रक्तात, रक्तातून हृदयात आणि तिथून थेट मेंदूत जातं. काही मिनिटांत असर जाणवतो, त्यामुळे माणूस थांबू शकतो. गिळलेल्या टीएचसीला असा थेट रस्ता नाही. ते जठरातून लहान आतड्यात येतं, आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतं, आणि हे रक्त हृदयाकडे जायच्या आधी एका मोठ्या शिरेवाटे यकृतात नेलं जातं. आपण शाळेत यकृताला शरीरातला रासायनिक कारखाना म्हणायला शिकलो. मी त्याला जकातनाका म्हणेन. पोटातून आलेला बहुतेक सगळा माल आधी तिथे उघडून पाहिला जातो, आणि अनोळखी माल असेल तर त्याची मोडतोड करूनच पुढे सोडतात. औषधशास्त्रात याला ‘फर्स्ट पास’ म्हणतात, म्हणजे यकृतातला पहिला फेरा.

या फेऱ्यात टीएचसीची वाताहत होते. खाल्लेल्या टीएचसीपैकी मूळ रूपात रक्तात पोहोचतं ते साधारण ४ ते १२ टक्के. ओढलेल्यापैकी १० ते ३५ टक्के. हे आकडे पाहून कुणीही म्हणेल, मग खाल्लेली भांग सौम्यच असायला हवी. इथेच यकृत आपल्याला चकवतं.

यकृताचं काम तेलकट, पाण्यात न विरघळणाऱ्या रेणूंना पाण्यात विरघळण्याजोगं करून लघवीवाटे बाहेर काढायचं. टीएचसी तर कमालीचं तेलकट. सीवायपी-२सी-९ नावाचं एक विकर (एन्झाइम) टीएचसीच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी बसवतं. तयार होतं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी. पुढच्या पायरीवर त्याचं ११-कार्बॉक्सी रूप होतं, ते निरुपद्रवी असतं, मग त्याला साखरेसारखा एक रेणू जोडून त्याची बोळवण होते. लघवीच्या चाचणीत गांजा ‘सापडतो’ तो याच शेवटच्या रूपात. पण मधली पायरी पाहा. विष मोडायला निघालेल्या कारखान्याने वाटेत जो अर्धवट माल बनवला, तो स्वतः नशा आणणारा आहे! १९७० च्या दशकात स्वयंसेवकांच्या शिरेत हा रेणू थेट टोचून पाहिला गेला, आणि तो टीएचसीइतकाच किंवा त्याहून जास्त प्रभावी ठरला. मेंदूभोवतीची संरक्षक भिंतही तो सहज ओलांडतो.

धूर ओढल्यावरही हा रेणू बनतो, पण थोडा, कारण सगळं टीएचसी एकदम यकृतासमोर येत नाही. खाल्ल्यावर मात्र सगळा माल आधी नाक्यावरच येतो, त्यामुळे रक्तात ११-हायड्रॉक्सीचं प्रमाण मूळ टीएचसीच्या तोडीस तोड होऊ शकतं. म्हणजे गांजा ओढणारा मुख्यतः एका रसायनाच्या अमलाखाली असतो, भांग खाणारा दोघांच्या. ‘ओढण्याची सवय आहे, मला काय होणार’ असं म्हणणारे भांगेत गडबडतात ते यामुळेच. त्यांची सवय वेगळ्या हिशोबाची असते.

या विकराचा आणखी एक पैलू आहे, तो मला विशेष आवडतो. सीवायपी-२सी-९ बनवण्याची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते, आणि काही लोकांत ती कृती एका अक्षराने वेगळी असते. त्या प्रकाराला तारांकित ३ असं म्हणतात. आईवडील दोघांकडूनही हीच प्रत मिळालेल्या माणसाचं विकर अगदी संथ चालतं. १५ मिलिग्रॅम टीएचसी गिळायला देऊन केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा लोकांच्या रक्तातला टीएचसीचा एकूण मुक्काम इतरांच्या जवळपास तिप्पट निघाला. रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि फिट्सवरचं फेनिटॉइन हेसुद्धा याच विकरावर अवलंबून असतात, म्हणून डॉक्टर त्यांची मात्रा माणसागणिक जपून ठरवतात. ही औषधं चालू असलेल्याने भांग घेतली तर एकाच नाक्यावर दोन मालवाहू गाड्या अडतात. हे मी हलक्या आवाजात सांगत नाहीये. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘प्रसाद’ म्हणून ग्लास पुढे करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता पोटातल्या अन्नाचा प्रश्न. टीएचसी तेलातच विरघळतं, त्यामुळे सोबत तूप-लोणी असेल तर ते जास्त शोषलं जातं. शोषलेली चरबी छोट्या थेंबांच्या रूपात लसीका वाहिन्यांत शिरते. या वाहिन्या यकृताला वळसा घालून मानेच्या बुडाशी रक्तात मिसळतात. म्हणजे तुपाबरोबर गेलेल्या टीएचसीचा काही वाटा जकातनाका चुकवून आडरस्त्याने शहरात पोहोचतो. टीएचसीची ड्रोनाबिनॉल नावाची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून औषध म्हणून वापरात आहे, केमोथेरपीच्या उलट्यांवर ती देतात. आत तिळाचं तेल असतं. तेलकट-तुपकट जेवणासोबत ती घेतली तर शरीराला मिळणारं एकूण टीएचसी २.९ पट होतं, आणि रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे ४ तासांनी पुढे ढकलली जाते. मात्रा तीच, कॅप्सूल तीच, माणूस तोच. बदललं फक्त ताट. रिकाम्या पोटीसुद्धा असर चढायला अर्धा ते दोन तास लागतात, आणि तो ६ ते ८ तास, कधी जास्तही टिकतो.

या उशिराची किंमत काय असते ते कोलोरॅडोने पाहिलं. तिथे १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांना गांजा आणि त्याचे खाद्यपदार्थ दुकानात मिळू लागले. मार्च महिन्यात १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्यासाठी त्याच्या मित्राने एक बिस्किट विकत घेतलं. त्यात एकूण ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं, म्हणजे सहा जणांच्या मात्रा. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे त्या विद्यार्थ्याने आधी एकच तुकडा खाल्ला. अर्धा-एक तास झाला, काही जाणवेना, म्हणून उरलेलं सगळं बिस्किट खाल्लं. काही तासांत तो भ्रमिष्टासारखा वागू लागला आणि चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून उडी मारून गेला. माझ्या मित्राचं वाक्य आणि त्या मुलाचं वाक्य एकच असणार, या विचाराने आजही पोटात कालवतं.

त्यानंतर १ फेब्रुवारी २०१५ पासून कोलोरॅडोत प्रत्येक मात्रा १० मिलिग्रॅमच्या आत आणि वेगळी ओळखता येईल अशी ठेवणं बंधनकारक झालं. पण वेष्टनावरचा आकडा तरी खरा असतो का? त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटलमधल्या ७५ उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. लेबलवरचं प्रमाण बरोबर निघालं फक्त १७ टक्क्यांत. २३ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा जास्त टीएचसी होतं, ६० टक्क्यांत कमी. प्रयोगशाळा आणि यंत्रं हाताशी असलेल्या देशात ही अवस्था, तर ठेल्यावरच्या हिरव्या गोळीचं काय सांगावं? आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याशिवायची पानं वगळली, म्हणून अनेकांना भांग म्हणजे सरबत वाटतं. कायद्याने पान वगळलं म्हणून त्यातलं टीएचसी मोजून बेताचं होत नाही. आणि महाराष्ट्रात तर दारूबंदी कायद्यानुसार भांगेलाही परवाना लागतो.

‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य मला श्रद्धेच्या वाक्याहून जास्त खटकतं, कारण ते विज्ञानाच्या आवाजात बोललं जातं. धोतराही नैसर्गिकच आहे, आणि भांग जास्त ‘लागावी’ म्हणून त्याच्या बिया घालणारे लोक आहेत. धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिनसारखी द्रव्यं जीव घेऊ शकतात. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड कोरडं पडलं, अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बरळू लागला तर थेट रुग्णालय गाठावं. उतारा म्हणून लिंबू, ताक, लोणचं पाजतात, आम्हीही पाजलं होतं. लिंबू पोटात आणि टीएचसी मेंदूत, दोघांची गाठ पडणार कुठे? गुंगीत असलेल्याला मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावणं तर सरळ धोक्याचं, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

मित्र रात्री नऊच्या सुमारास शुद्धीवर आल्यासारखा बोलू लागला आणि त्याने वरणभात मागितला. पुढे कधीतरी आम्ही बसून त्या दिवसाचा हिशोब मांडला. सकाळी त्याने आदल्या रात्रीच्या दोन पुरणपोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या होत्या. पहिला ग्लास पावणेअकराला. म्हणजे साडेअकराला तो ‘काही होत नाहीये’ म्हणाला, तेव्हा त्याच्या आतड्यांनी काम नुकतं सुरू केलं होतं. कॅरमवाला सगळ्यात आधी, पातेलं भरलेलं असताना एक ग्लास पिऊन मोकळा झाला होता. मित्राचा दुसरा ग्लास मात्र अगदी शेवटचा, पातेलं तिरकं करून ओतलेला. मधल्या तासाभरात ते कुणीही ढवळलं नव्हतं. संध्याकाळी भांडी माझ्याकडे होती, आणि तळाला बसलेला बोटभर जाड हिरवा गाळ मीच नारळाच्या शेंडीने घासून काढला होता.