लघुव्यवसायातील माहिती तंत्रज्ञानाची निवड

मोजकी माणसे व मर्यादित भांडवल असलेल्या व्यवसायाने संगणक, सॉफ्टवेअर, इंटरनेट जोडणी, माहितीची साठवण आणि या सर्वांची देखभाल यांविषयी घेतलेले निर्णय व ते घेण्याची रीत यांचा विचार या नोंदीत केला आहे. लघुव्यवसायाची व्याख्या देशोदेशी वेगळी आहे. यूरोपीय संघाच्या २००३ च्या शिफारशीत ५० पेक्षा कमी कामगार आणि एक कोटी यूरोपर्यंतची वार्षिक उलाढाल किंवा ताळेबंद ही मर्यादा घातली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र निराळा निकष अधिक उपयोगी पडतो : जेथे स्वतंत्र संगणक विभाग नसतो आणि यंत्र विकत घेणारा, ते वापरणारा व ते बंद पडल्यावर धावपळ करणारा बहुधा एकच असतो, तो लघुव्यवसाय.

स्वरूप : छोटा धंदा म्हणजे मोठ्या कंपनीची लहान प्रतिकृती, ही समजूत बरीच वर्षे रूढ होती. जॉन वेल्श व जेरी व्हाइट यांनी १९८१ मध्ये तिला हरकत घेतली. छोट्या धंद्यात पैसा, वेळ व जाणकार माणूस या तिन्हींची चणचण असल्याने मोठ्या कंपनीला सहज पचणारी चूक तेथे मुळावर येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. विल्यम डिलोन यांच्या १९८८ च्या अभ्यासात संगणकाच्या यशस्वी वापराचा संबंध मालकाच्या स्वतःच्या संगणकज्ञानाशी व प्रत्यक्ष सहभागाशी आढळला. जेम्स थाँग यांनी १९९९ मध्ये यात एक भेद केला : संगणक घ्यावा की नाही, हे मालकाच्या स्वभावावर व जाणकारीवर ठरते, तो किती कामांत वापरला जाईल, हे मुख्यतः धंद्याच्या आकारावर व कामगारांच्या माहितीवर ठरते. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत, मात्र थाँग यांचा भेद व्यवहारात अधिक प्रत्ययाला येतो. हौशी मालकाने आणलेले आणि कोणी हात न लावलेले सॉफ्टवेअर ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे.

इतिहास : व्यवसायासाठी संगणक ही कल्पना मुळात मोठ्यांची. चहागृहे व बेकऱ्या चालवणाऱ्या जे. लायन्स या ब्रिटिश कंपनीचा लिओ हा संगणक नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीमालाच्या मूल्यांकनाचे काम करू लागला. नित्याचे व्यावसायिक काम करणारा पहिला संगणक म्हणून सामान्यतः त्याचाच उल्लेख होतो. छोट्या धंद्याला असे यंत्र परवडणारे नव्हते. पगारपत्रकाचे काम बाहेर द्यायचे आणि तयार हिशेब परत घ्यायचा, एवढी सोय हिशेबसेवा केंद्रांमुळे झाली. न्यू जर्सीतील ऑटोमॅटिक पेरोल्स ही कंपनी १९४९ मध्ये याच कामासाठी निघाली. संगणक तिच्याकडे नंतर आला. लायन्सनेही पुढे लिओवर इतर कंपन्यांचे पगार काढून दिले.

१९७९ मध्ये डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा आकडेमोडीच्या तक्त्यांचा प्रोग्राम ॲपल २ या संगणकावर आला. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलू लागले. केवळ एका प्रोग्रामसाठी यंत्र विकत घेणारे गिऱ्हाईक येथे ठळकपणे दिसू लागते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि पुढील वीस-पंचवीस वर्षे ‘स्वतःचे यंत्र, स्वतःच्या परवान्याचे सॉफ्टवेअर’ हाच छोट्या धंद्याचा सर्वसाधारण मार्ग राहिला.

यानंतरचे वळण भाड्याच्या संगणनाचे, म्हणजे क्लाउडचे. त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार त्याचे बीज जॉन मॅकार्थी यांच्या १९६१ मधील भाषणात आहे; वीज-पाण्यासारखी संगणनसेवाही सार्वजनिक पुरवठ्यातून मिळावी, असे त्यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात मांडले होते. दुसरे मत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या व इंटरनेटवरून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सेल्सफोर्स या कंपनीला, तर तिसरे ॲमेझॉनने २००६ मध्ये सुरू केलेल्या साठवण व संगणन सेवांना आरंभ मानते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणे निश्चित केली : मागताक्षणी स्वतः सेवा घेता येणे, नेटवर्कवरून सर्वत्र उपलब्धता, अनेक ग्राहकांत वाटून वापरलेली साधने, गरजेप्रमाणे झटपट वाढ-घट आणि मोजून आकारणी. ही कसोटी लावली तर तिसरे मत सरस ठरते. परंतु धंद्याच्या बाजूने पाहता यंत्र दुसऱ्याचे, हिशेब आपला आणि पैसे वापरापुरते, हा व्यवहार हिशेबसेवा केंद्रांनी आधीच रूढ केला होता. केंद्राकडे कागद पोचवावे लागत आणि वाढ-घट झटपट होत नसे, हे खरे. तरी सामायिक साधने व मोजून आकारणी ही दोन लक्षणे तेथेही होती. लघुव्यवसायाच्या इतिहासात म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरुवात करणे अधिक योग्य वाटते.

एकूण मालकीखर्च : यंत्राची किंमत म्हणजे त्याचा खर्च नव्हे, हे तत्त्व निवडीच्या विचारात केंद्रस्थानी आहे. संगणकाच्या क्षेत्रात ते रुजवण्याचे श्रेय गार्टनर या सल्लागार संस्थेला दिले जाते. बिल किर्विन यांनी तेथे १९८७ मध्ये टेबलावरच्या संगणकांसाठी अशी मांडणी केली. तत्त्व मात्र जुने आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६० च्या दशकात सामग्री खरेदीसाठी आयुर्मानखर्चाची पद्धत वापरली. वापराच्या सर्व वर्षांतला दुरुस्तीचा व चालवण्याचा खर्च धरूनच निविदांची तुलना करावी, असा तिचा आशय. त्याही मागे जायचे तर आर्थर वेलिंग्टन या रेल्वे अभियंत्याने १८७७ मध्ये लोहमार्गाच्या आखणीत बांधणीच्या खर्चाबरोबर पुढे चालवण्याचा खर्चही तोलून पाहावा, असे मांडले होते. या तिन्हींत सरळ वंशावळ दाखवणे कठीण आहे. रेल्वे व लष्कर यांच्या हिशेबात माणसाचा वेळ चालवण्याच्या खर्चातच येतो आणि तो वेतनपटावरून काढता येतो. किर्विन यांच्या मांडणीचे वेगळेपण असे, की वापरणाऱ्याने शिकण्यात, अडण्यात व शेजारच्या सहकाऱ्याला विचारण्यात घालवलेला वेळही तिने खर्चात धरला. हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही. त्यामुळे मूळ तत्त्व अभियांत्रिकीतले आणि संगणकापुरती नवी भर गार्टनरची, असे म्हणणे सयुक्तिक.

छोट्या धंद्यात हाच न दिसणारा भाग मोठा असतो. पाच जण रोज पंधरा मिनिटे तीच नोंद दोन ठिकाणी करत असतील, तर वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ३७५ तास जातात. तेच काम वाचवणारा महागडा प्रोग्राम अशा वेळी स्वस्त पडू शकतो आणि फुकटचा महाग. मासिक वर्गणी आणि एकरकमी परवाना यांची तुलनाही निदान पाच वर्षांवर करावी लागते. एकरकमी परवान्यात नवी आवृत्ती, सर्व्हरची देखभाल व बॅकअपची जबाबदारी धंद्यावर राहते. वर्गणीत ती बरीचशी पुरवठादारावर जाते, पण माणसे वाढली की शुल्क वाढते आणि वर्गणी थांबली की प्रोग्राम बंद होतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला परवान्याचा खर्च नसला, तरी बसवणाऱ्याचा व शिकवणाऱ्याचा असतो. तो गृहीत धरून वर्ड प्रोसेसर व तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस बहुतेक छोट्या धंद्यांना पुरते.

हा हिशेब खर्च दाखवतो, लाभ दाखवत नाही, असा आक्षेपही आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येच, म्हणजे किर्विन यांच्या मांडणीच्याच वर्षी, संगणकयुग सगळीकडे दिसते पण उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असा शेरा मारला. एरिक ब्रिन्योल्फसन व लॉरिन हिट यांनी पुढे दाखवले, की कामाची पद्धत बदलली तेथेच संगणकातील गुंतवणूक फळते. हा निष्कर्ष मोठ्या कंपन्यांच्या माहितीवरून काढलेला आहे.

सुरक्षा व बॅकअप : छोट्या धंद्याकडे कोण लक्ष देणार, हा समज टिकण्यासारखा नाही, कारण बहुतेक हल्ले माणूस निवडून होत नाहीत. मे २०१७ मधील वॉनाक्राय हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर दुरुस्ती न बसवलेल्या विंडोज यंत्रांत शिरले. ती दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हे घातक सॉफ्टवेअर पसरले ते मात्र एम. ई. डॉक या युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. एक आपत्ती अपडेट न केल्याने आणि दुसरी केल्याने आली. अपडेट आपोआप होऊ द्यावेत आणि मुख्य यंत्राला न जोडलेली एक प्रत कायम बाजूला असावी, असाच अर्थ तज्ज्ञ सामान्यतः काढतात.

बॅकअपचा ‘तीन-दोन-एक’ हा नियम (तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी) छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावावर आहे. दुसऱ्या जागी म्हणजे खरोखर दुसऱ्या जागी. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या छोट्या कंपनीच्या क्लाउड खात्याचे नियंत्रण हल्लेखोराच्या हाती गेले. बॅकअपही त्याच खात्यात असल्याने मूळ माहितीबरोबर तोही बऱ्याच अंशी पुसला गेला आणि कंपनीला व्यवसाय गुंडाळावा लागला. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्राला आग लागली, तेव्हा ज्यांची मूळ प्रत व बॅकअप तेथेच होते अशा ग्राहकांचे दोन्ही गेले. एकाच यंत्रातल्या दोन डिस्कवर आपोआप उतरणारी प्रत हा बॅकअप नव्हे; चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदम पुसली जाते. ब्रिटनच्या सायबर इसेन्शियल्स (२०१४) या योजनेतील पाच बाबी, म्हणजे फायरवॉल (नेटवर्कवरून नको ती ये-जा अडवणारी व्यवस्था), सुरक्षित मांडणी, कोणाला काय उघडता येईल याचे नियंत्रण, मालवेअरपासून (घातक सॉफ्टवेअरपासून) बचाव आणि वेळेवर अपडेट, छोट्या धंद्याला आटोक्यात राहणाऱ्या आहेत. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती मात्र २०१७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनातही राहिलेली नाही.

यंत्रसामग्री : संगणकाच्या क्षमतेपेक्षा त्याच्या कार्यप्रणालीला (ऑपरेटिंग सिस्टिमला) किती वर्षे दुरुस्त्या मिळणार, याला आता अधिक महत्त्व आहे. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि चांगली चालणारी अनेक यंत्रे त्यामुळे बाद ठरली.

माहितीचे स्थलांतर व अडकून पडणे : एका तंत्रज्ञानात शिरलेला ग्राहक त्याहून चांगले उपलब्ध असूनही बाहेर पडू शकत नाही, हे पॉल डेव्हिड (१९८५) यांनी टंकयंत्राच्या कळफलकाच्या उदाहरणाने आणि ब्रायन आर्थर (१९८९) यांनी गणिती पद्धतीने मांडले. लिबोविट्झ व मार्गोलिस यांनी १९९० मध्ये कळफलकाचा पुरावा खोडून काढण्याचा प्रयत्न केला व त्यांचे म्हणणे त्या उदाहरणापुरते बरेच वजनदार आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत मात्र अडकून पडणे वादातीत आहे, कारण अडकते ती सवय कमी आणि खतावणी जास्त. म्हणूनच सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यातून माहिती बाहेर कशी येते हे पाहणे, ही सर्वांत उपेक्षित पण सर्वांत उपयुक्त चाचणी होय. विक्रेता दाखवतो तो पडदा आणि खरेदीदार तपासतो ती किंमत. बाहेर पडण्याचा मार्ग दोघेही तपासत नाहीत.

‘एक्सपोर्ट’चे बटण असणे पुरेसे नाही. पीडीएफमध्ये निघालेली खतावणी वाचता येते, दुसऱ्या प्रोग्रामात भरता येत नाही. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल; तिची रूढ रचना ऑक्टोबर २००५ च्या आरएफसी ४१८० या इंटरनेटविषयक दस्तऐवजात नोंदली आहे) जवळपास कोठेही भरता येते, पण ती तक्त्यात नुसती उघडून जतन केली तरी ००४७१ या मालक्रमांकाचे ४७१ होते, ३/४ ही तारीख मार्चची की एप्रिलची हे यंत्राच्या मांडणीवर ठरते आणि सर्व लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीऐवजी दुसरी निवडली गेल्यास देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होतात. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढचे काही मावतच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या अहवालांतून १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी गळाल्या, त्यामागे हीच मर्यादा असल्याचे सांगितले गेले.

त्याहून बारकाईचा मुद्दा शिल्लकेचा. नव्या प्रोग्रामात प्रत्येक गिऱ्हाइकाची आरंभीची शिल्लक एकरकमी टाकली, तर ताळेबंद जुळतो आणि काम झाले असे वाटते. पण ती रक्कम कोणत्या बिलांची, कोणत्या तारखेची, हे हरवते. येणे किती जुने आहे हे सांगता येत नाही आणि गिऱ्हाइकाने एका बिलाबद्दल वाद घातला की जुना संगणक पुन्हा चालू करावा लागतो. बिलवार येणे-देणे, मालाची साठ्याच्या जागेप्रमाणे शिल्लक आणि न वटलेले धनादेश या तीन याद्या स्वतंत्रपणे बाहेर निघतात का, हे खरेदीपूर्वी नमुन्याच्या नोंदी भरून पाहता येते. जुना व नवा प्रोग्राम एक महिना बरोबरीने चालवून महिनाअखेर ताळा घेण्याची हिशेबनिसांची रीत दुप्पट कामाची असली, तरी तिला चांगला पर्याय निघालेला नाही.

पुरवठादारच बंद पडणे हा वेगळा धोका. सप्टेंबर २०१३ मध्ये निर्व्हानिक्स या क्लाउड साठवण कंपनीने ग्राहकांना माहिती हलवण्यासाठी प्रथम जेमतेम दोन आठवडे दिले. नंतर मुदत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाढली. या प्रश्नाला कायद्याने हात घातला तो अलीकडे. यूरोपीय संघाचा डेटाविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून ग्राहकाने सेवा बदलण्याची सूचना दिल्यावर जास्तीत जास्त दोन महिन्यांची पूर्वसूचनेची मुदत व त्यानंतर साधारणतः ३० दिवसांत स्थलांतर, असे बंधन क्लाउड पुरवठादारांवर आले आहे. १२ जानेवारी २०२७ पासून या स्थलांतरासाठी शुल्कही आकारता येणार नाही. धंद्याच्या स्वतःच्या संगणकावर बसवलेल्या प्रोग्रामांना ही तरतूद लागू नाही.